मंगलचं प्रोटीन खुटबावला नेताना

मंगल गेल्यावर पाच महिन्यांनी मी तिच्या माणसांना भेटायला गेले. एवढा उशीर का झाला, याचं कारण मी ज्याला त्याला वेगळं सांगितलं. परीक्षा होत्या, एक परिषद होती, माझी कंबर धरली होती. खरं कारण असं की तिच्या आईवडिलांना मला एक गोष्ट सांगायची होती आणि धीर होत नव्हता.

मंगल माझी विद्यार्थिनी. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या धनगर घरातली. वडिलांनी मेंढरं कमी करून ऊस लावला, मुलीला शिकवलं, आणि ती पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करायला आली. बारीक अंगाची, बोलायला हळू, पण एखादी गोष्ट मनात बसली की हलायची नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. पेशीच्या आवरणात स्निग्ध रेणू असतात, त्यांना लिपिड म्हणतात. बहुतेक सगळे नुसती भिंत धरून असतात. त्यांतले काही मात्र, अगदी चिमूटभर, निरोप्याचं काम करतात. बाहेरून पेशीला इशारा मिळाला की ते घटकाभर तयार होतात, आतलं एखादं प्रोटीन येऊन त्यांना धरतं, पुढची कामं सुरू होतात आणि लिपिड परत नाहीसं होतं. कोणतं प्रोटीन कोणत्या लिपिडाला धरतं हे आम्ही शोधायचो. पद्धत ऐकायला सोपी आहे. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक मण्यांना ते लिपिड शेपटीकडून जोडायचं, त्याचं डोकं मोकळं ठेवायचं. मेंढीच्या मेंदूचा रस काढून त्या मण्यांवरून सोडायचा. मग मणी धुवायचे, परत धुवायचे, आणि एवढं धुऊनही जे प्रोटीन धरून राहील ते उतरवून जेलवर, म्हणजे एका लवचीक पारदर्शक पट्टीतून, विजेने चालवायचं. तिथे त्याची निळी रेघ उमटते. पंचाईत एवढीच, की धरून राहिलेलं प्रत्येक प्रोटीन लिपिडासाठी आलेलं नसतं. काही नुसती चिकट असतात, मिळेल त्याला चिकटतात.

चौथ्या वर्षी मंगलला अशी एक रेघ मिळाली. कोऱ्या मण्यांवरही, ज्यांना लिपिड लावलेलंच नव्हतं, तिची पुसट सावली दिसत होती. मी म्हटलं, हे चिकट प्रोटीन आहे. तिने परत केलं. परत सावली. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मंगल, हट्ट वेगळा आणि विज्ञान वेगळं. सोड ते." तिने वही मिटली. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. ताप आला आणि बारा दिवसांत गेली.

पुढे दोन महिन्यांनी तिचं टेबल आवरताना मला सेलोफेनच्या दोन कागदांमध्ये वाळवलेलं एक जेल सापडलं. शेजारी वही. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात तिने मला न विचारता एक प्रयोग केला होता. मेंदूच्या रसात आधी तेच लिपिड मोकळं मिसळलं आणि मग तो रस मण्यांवरून सोडला. प्रोटीन खरोखर त्या लिपिडाचंच असेल, तर ते आधीच तृप्त होईल आणि मण्यांकडे जाणार नाही. नुसतं चिकट असेल तर दोन्हीकडे जाईल. जेलवर रेघ नाहीशी झाली होती. शेजारच्या रकान्यात, जिथे दुसरंच लिपिड मिसळलं होतं, रेघ ठळक होती. मी तो प्रयोग माझ्या हाताने तीनदा केला. तिन्ही वेळा तेच आलं. रेघेचा तुकडा कापून बंगळूरला पाठवला, तिथून प्रोटीनची ओळख पटून आली. मंगल बरोबर होती.

हे सांगायला मी निघाले होते.

कारेगाव

मार्चमधला शनिवार होता. शिरूरच्या एसटीत खिडकी मिळाली. कोरेगाव भीमाच्या अलीकडे टायर बसला आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला एका रसवंतीच्या सावलीत उभे राहिलो. मी कोकणातली. रस म्हटलं की मला कोकम आठवतं. इथे उसाच्या रसात आलं-लिंबू घालून बर्फाचा खडा टाकतात, आणि दुकानदार पहिला पेला संपायच्या आत दुसरा भरतो. शेजारी उभ्या बाईने विचारलं, कुणाकडे चाललात. मी म्हटलं, कारेगावला, ओळखीच्यांकडे.

कारेगावात मंगलची धाकटी बहीण शोभा राहते. नवरा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. एका लांबट चाळीत ओळीने खोल्या, प्रत्येक दारापुढे चपलांचा ढीग, आणि मराठीपेक्षा हिंदी जास्त कानावर पडते. शोभाने मला दारातच मिठी मारली आणि मोठ्याने रडू लागली. शेजारच्या बिहारी बायकाही येऊन बसल्या, त्याही रडल्या. आमच्याकडे भेटायला गेलेला माणूस गप्प बसतो, पाणी पितो आणि उठतो. इथे रडणं हीच भेट असते. मला ते जमेना. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

रडून झाल्यावर ती लगेच चुलीशी गेली. हुलग्याची शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसूण-मिरचीच्या पातळ रश्शात शिजवलेल्या. सोबत बाजरीची भाकरी. "ताईला लई आवडायची," म्हणाली. "सुट्टीवर आली की पहिली हीच मागायची."

जेवताना मी विचारलं, "आजारी पडली तेव्हा इथेच होती का?"

"इथंच व्हती. दिवाळीची भाऊबीज झाली, मला भेटाया आली. दुसऱ्या दिवशी ताप भरला. आम्हाला वाटलं, साधा ताप हाय. मंग दम लागाया लागला. यांनी कंपनीतल्या मित्राची गाडी आणली, आन् शिरूरला नेलं." ती थांबली. "बाई, एक इचारू? ती जिथं काम करायची, तिथं लई गार असतं ना?"

प्रोटीनं खराब होऊ नयेत म्हणून आम्ही ते सगळं काम शीतखोलीत करतो. चार अंश तापमान. मंगल तिथे चार-चार तास बसायची, मी शंका घेतली म्हणून तीन वेळा तेच तेच धुवत. मी म्हटलं, "हो. गार असतं."

"त्यानं झालं आसंल का?"

पाच महिने मी हाच प्रश्न घेऊन फिरत होते.

शिरूर

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाने दिलेल्या पत्त्यावर मी शिरूरला गेले. मंगलला तपासणारे डॉक्टर म्हातारे होते. रविवार असूनही दवाखाना उघडा होता. बाहेरच्या बाकावर एक शेतकरी जोडपं आणि एक कामगार बसले होते. मी नंबर लावला. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?"

"मला काही होत नाही. मंगलबद्दल विचारायचं होतं. मी तिची शिक्षिका."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बसा."

मी सरळ विचारलं. शीतखोलीत बसून तिला हे झालं का?

"नाही," ते म्हणाले. "तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असणार, खेड्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही. या वेळी त्या झडपेला जंतूंची लागण झाली. थंडीचा काही संबंध नाही. मनावर ओझं ठेवू नका."

"झडपेचं तिला माहीत होतं?"

"माहीत होतं. पुण्यात तपासून घेतलं होतं तिने. शस्त्रक्रिया करून घे म्हणून सांगितलं होतं म्हणे. मला म्हणाली, काम संपलं की करते."

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद पडली की बर्फाची पेटी हातात घेऊन मंगल जिना चढायची आणि वरच्या पायरीवर थोडं थांबायची. मला वाटायचं, ती विचार करतेय.

डॉक्टरांनी मनावर ओझं ठेवू नका म्हटलं, तसं झालं नाही. थंडीचं ओझं उतरलं. पण तिने एवढी गोष्ट चार वर्षांत मला सांगितली नाही, हे नवीन ओझं चढलं. मी असं काय वागले होते, की ती सांगू शकली नाही? एसटी स्टँडवर मिसळ मागवली आणि दोन घास खाऊन ठेवली. मालक म्हणाला, "तिखट लागली का, मावशी?" मी म्हटलं, हो.

खुटबाव

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याची गाडी पकडली. या रस्त्याने मी पहिल्यांदाच गेले. न्हावऱ्यापर्यंत माळ, बोरी-बाभळी, मध्येच उन्हात चमकणारी एखादी विहीर. भीमा ओलांडली की सगळं बदलतं. ऊस, ऊस आणि ऊस, आणि मधूनमधून गुऱ्हाळांच्या चिमण्यांचा धूर. हवेला शिजत्या रसाचा गोड वास. कोकणातून आलेल्या माझ्यासारखीला ही सपाटी सुरुवातीला विचित्र वाटते. डोळे अडायला डोंगरच नसतो.

चौफुल्याला उतरून जीप बघितली. जीपवाल्याने मला खुटबावऐवजी भलत्याच वस्तीच्या फाट्यावर उतरवलं. चूक माझीच, मी नाव नीट सांगितलं नव्हतं. दीड-दोन किलोमीटर ऊन अंगावर घेत चालत गेले. वाटेत एका गुऱ्हाळावर पाणी मागितलं, तर तिथल्या माणसाने पाणी दिलं आणि वर पळसाच्या पानावर गरम काकवी ठेवली. कुणाकडे निघालात म्हणाला. मंगलच्या वडिलांचं नाव सांगितलं तर त्याने हातातला झारा खाली ठेवला. "आबांची पोरगी शिकलेली व्हती. हितून पाशिंजरनं पुण्याला जायची. हातात थर्मास असायचा."

त्या थर्मासमध्ये बर्फात ठेवलेला मेंढीचा मेंदू असायचा. पुण्यात ताजा मेंदू मिळायला अडचण पडायची, म्हणून आबा खाटकाकडून स्वतः बघून घ्यायचे आणि मंगल पहिल्या गाडीने आणायची. आमच्या सगळ्या प्रयोगांत आबांचा असा हात होता.

घर वस्तीच्या कडेला. विटांच्या दोन खोल्या, पुढे कडुलिंब, बाजूला काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. आबा झाडाखाली चातीवर लोकर कातत बसले होते. उंच, वाळलेला माणूस. मला पाहून उठले, चाती आणि लोकर बाजूला ठेवली आणि हात जोडले. "या बाई. उन्हाचं चालत आलात?"

मंगलची आई दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

"ती कुणाशी बोलत न्हाई," आबा म्हणाले. "राग न्हाई तुमच्यावर. बोलतच न्हाई."

मी वही काढली, जेल काढलं. आबांनी सेलोफेन उजेडाकडे धरून निळ्या रेघा पाहिल्या. मी जमेल तसं सांगायला लागले. मणी, लिपिड, चिकट प्रोटीन. माझे शब्द मलाच जड वाटत होते. ते मध्येच म्हणाले, "मला ठावं हाय. पोरीनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

त्यांनी वाड्याकडे बोट केलं. दिवस कलला होता. चरून आलेल्या मेंढ्या आत येत होत्या आणि दिवसभर कोंडलेली कोकरं आरडत होती. त्यांनी कोकरांपुढचा झाप, कुडाचं दार, बाजूला काढला. सगळी कोकरं एकदम सुटली, आणि बघता बघता प्रत्येक कोकरू आपल्या आईला जाऊन लागलं. पंचवीस-तीस मेंढ्यांत एक सोडून एकही चुकलं नाही. ते एक मात्र भलत्याच मेंढीला लुचायला गेलं. तिने लाथ मारली, मग ते दुसरीकडे गेलं.

"ते बगा. त्येची आय मेलीय. ते कुणालाबी लागतं," आबा म्हणाले. "पोरगी म्हणायची, आबा, बाई म्हणत्यात माझं प्रोटीन त्या कोकरागत हाय. कुणालाबी लागतं. मला तसं वाटत न्हाई. मंग मला म्हणली, हे कसं वळखायचं? मी म्हणलं, सोपं हाय. कोकराला आधी त्येच्या आयकडंच पोटभर पाजून आण. मंग सोड. पोट भरलेलं कोकरू आयकडं परत जायाचं न्हाई. आन् दुसऱ्याच मेंढीचं दूध तोंडाला लावून आणलं, तर ते तोंड फिरवंल आन् उपाशीच आयकडं पळंल."

मी वहीचं पान उघडलं. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यातलं. तिच्या बारीक अक्षरात प्रयोगाची मांडणी, आणि कडेला एकच शब्द: आबा.

मला तो शब्द पुण्यात दिसला होता. मला वाटलं होतं, वडिलांना फोन करायचा म्हणून तिने लिहून ठेवलं असेल.

"आबा," मी म्हटलं, "तिने तोच प्रयोग केला. ती बरोबर होती. मी चुकले होते. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकीचं होतं. हे सांगायला आलेय मी."

ते मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिनं मला इचारलं व्हतं, बाईंचं ऐकू का माझं करू. मी म्हणलं, बाई शिकलेल्या हायेत. त्यांचं ऐक. उगा हट्ट करू नगंस." त्यांनी मेंढीवरचा हात काढून घेतला. "मीबी तुमच्याच बाजूनं बोललो. पोरगी एकटीच व्हती."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. धूळ बसत होती. मी रडले. शोभाच्या घरी जे जमलं नव्हतं ते तिथे झालं, मोठ्याने, लाज न बाळगता. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पोरीनं आपल्या दोघांचंबी ऐकलं न्हाई, ते बरं झालं."

नंतर त्यांनी विचारलं, "नाव काय ठिवलं त्या प्रोटीनचं? तिचं ठिवता येतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "नाही आबा. त्याला नाव आधीच होतं. नाव म्हणजे काय, दोन अक्षरं आणि एक आकडा."

"मंग तिनं काय शोधलं?"

"ते कुणाला धरतं, ते. कुणालाच ठाऊक नव्हतं."

"कुणाला धरतं ते," आबा पुटपुटले आणि मान हलवली.

जेवायला पिठलं, भाकरी, कांदा आणि ताटाच्या कडेला काकवी. ताट मंगलच्या आईने आणलं. ठेवून गेली नाही, समोर बसली. मी घास घेतला तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. घोगरा, वापर नसलेला आवाज.

"तिला तिथं कुणी मैतरीण व्हती का?"

प्रोटीनबद्दल नाही, जेलबद्दल नाही, आजाराबद्दलही नाही. मी आठवायला लागले. डब्याच्या वेळी मंगल कुणाबरोबर बसायची? मला आठवेना. चार वर्षं मी तिच्या रेघा बघितल्या होत्या. माझ्या मनात सारखी ती मण्यांच्या नळीवर वाकलेली यायची, एकटी.

"होती," मी म्हटलं. "मी होते."

त्या बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. तिने ते खरं मानलं की नाही, मला कळलं नाही. तिने ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाली, "मंग परत या, बाई."

सकाळच्या पॅसेंजरला सोडायला आबा खुटबावच्या फलाटापर्यंत आले. गाडी दौंडहून भरून आली होती. दूधवाले, पुण्याला नोकरीला जाणारी मुलं, पालेभाज्यांचे गठ्ठे. एका मुलीने सरकून जागा दिली. गाडी हलली तेव्हा आबा वळून निघालेही होते.

त्यानंतरच्या वर्षी शोधनिबंध छापून आला. वर दोनच नावं, आधी मंगलचं, मग माझं. तिच्या नावावर एक खूण आणि खाली बारीक अक्षरात, की लेखिका हयात नाही. एक प्रत हाताने नेऊन द्यायची ठरवलं होतं. एक आठवडा गेला, मग दुसरा, आणि शेवटी मी ती टपालाने पाठवली.

शोभाचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, "आबांनी आईला ताईचं नाव बोट ठेवून दाखवलं. आईला वाचता येत नाही, पण तेवढं आता ओळखू येतं. शेजारचं नाव कुणाचं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, बाईंचं. तर म्हणाली, म्हंजी खरंच मैतरीण व्हत्या. आणि बाई कवा येणार, असं विचारलंय."

मी उत्तर लिहिलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. त्याला चार उन्हाळे झाले. मी अजून गेलेली नाही.